पाळणाघराची राखण



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला कामगार कायद्यावर बोलायला सांगितले, तेव्हा बोनस, टाळेबंदी, कंत्राटी पद्धत असे काही त्यांच्या मनात असावे. आम्ही विषय घेतला पाळणाघराचा. एक-दोघांनी विचारलेही, की यात कामगार पुढाऱ्याचे काय काम? ते पुढे कळेलच. आमच्या हातून एक चूक झाली होती, आणि ती सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही.

आपल्यांतील वडीलधाऱ्यांना बाळगोळी हा शब्द आठवत असेल. नाव गोड, पण आत अफू. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला ती गोळी चाटवीत, मूल गुंगीत पडे आणि आई भोंग्याला हजर होई. आई निर्दय होती असे नव्हे. मूल ठेवायला जागाच नव्हती. 1931 साली व्हिटले आयोगाचा अहवाल आला, त्यात कारखान्यांतून पाळणाघरे काढा अशी शिफारस होती. स्वतंत्र भारताच्या 1948 च्या कारखाने कायद्यात 48 वे कलम आले, ते असे: पन्नासांहून अधिक बाया कामाला असतील तेथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली हवी; ती हवेशीर, उजेडाची, स्वच्छ हवी; आणि मुले सांभाळण्याचे शिक्षण घेतलेल्या बाईच्या ताब्यात हवी. 1976 साली दुरुस्ती होऊन पन्नासांचे तीस झाले.

कायदा बाया मोजतो असे कळल्यावर मालकही बाया मोजू लागले. तिसापर्यंत भरती होई, एकतिसावी बाई काही केल्या मिळत नसे! पुढे ठेकेदार आले; मग बाया कामाला शंभर, पण कारखान्याच्या हजेरीपटावर पंचवीस. जेथे खोली होती तेथेही आम्ही काय पाहिले? रिकामी खोकी, मोडके पंखे, आणि तपासनीस येणार त्या दिवशी कोऱ्या सतरंजीवर मांडलेली चार खेळणी. 2017 च्या प्रसूतिलाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सक्ती केली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याचा हक्क दिला. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या नव्या संहितांनीही बाया मोजणे सोडून माणसे मोजणे धरले. आमच्या मते हे बरोबर आहे, कारण मुलाला बापही असतो. मात्र जेथे पस्तीसच बाया आणि पाचच पुरुष आहेत, अशा लहान कारखान्याचे या हिशेबात नुकसान झाले, हेही बोलून ठेवले पाहिजे.

पण खोली मिळाली म्हणजे मूल सुरक्षित झाले काय? आम्हांला बरीच वर्षे तसेच वाटत होते. मागणीपत्रात पाळणाघर, करारात पाळणाघर, झाले आमचे काम!

ही गोष्ट 2004 सालची. एका कारखान्यात आम्ही भांडून पाळणाघर मिळवले होते. तेथे पाणी भरायला, झाडलोट करायला एक गडी होता. एके दिवशी पाळी सुटल्यावर एक बाई आमच्याकडे आली. तिची मुलगी चार वर्षांची. ती पाळणाघराच्या दारात रडून पाय रोवी, आणि त्या गड्याचे नाव काढले की आईच्या पदरात तोंड लपवी. मुलीने मोडक्यातोडक्या शब्दांत जे सांगितले, ते त्या माऊलीने आम्हांला खाली मान घालून सांगितले.

आम्ही काय केले? तो गडी आमचा सभासद. कराराची बोलणी तोंडावर आलेली. गाजावाजा झाला तर व्यवस्थापन पाळणाघरच बंद करील, ही धास्ती. आम्ही म्हणालो, "बाई, आधी आपण आपसात चौकशी करू." तीन माणसांची समिती नेमली, तिघेही पुरुष. समितीने आठ दिवस घेतले. त्या गड्याची गोदामात बदली झाली, व्यवस्थापनाने हात झटकले, आणि आम्ही प्रकरण मिटले असे समजलो. महिन्याभराने ती बाई नोकरी सोडून गेली. जाताना तिने राहिलेली वर्गणी आणून दिली आणि पावती मागून घेतली. भांडली असती तर आम्हांला सोपे गेले असते.

त्या वेळी आजचा कायदा नव्हता, असे आम्ही स्वतःला पुष्कळदा सांगितले. 14 नोव्हेंबर 2012 पासून तो आहे. त्याला पोक्सो म्हणतात. त्यातले 19 वे कलम आम्ही दहा वेळा वाचले. (कायद्याचे मराठी भाषांतर मूळ इंग्रजीहून अवघड असते, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचावे लागते!) त्याचा अर्थ असा: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला माहीत असेल, किंवा होईल अशी ज्याला भीती असेल, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. कोणीही, म्हणजे आया, पर्यवेक्षक, डॉक्टर, युनियनचा सेक्रेटरी, सगळेच. आधी समिती, मग पोलीस, असा क्रम त्यात कोठेही नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड; आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मारझोड, हयगय यांसाठी 2015 च्या बालन्याय कायद्याचे 75 वे कलम आहे. ज्या संस्थेवर मूल सोपवले तिच्याच माणसाने छळ केला, तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड.

कायदा असूनही काय होते ते आपण बदलापूरला पाहिले. ऑगस्ट 2024 मध्ये शाळेतल्या दोन लहान मुलींवर सफाई कामगाराने अत्याचार केल्याचे उघड झाले. तक्रार नोंदवायला पालकांना ताटकळावे लागले, आणि 20 ऑगस्टला लोकांनी रेल्वे अडवली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शाळेच्या चालकांवर गुन्हा दाखल झाला तो याच, न कळवल्याच्या कलमाखाली. त्यानंतर कॅमेरे आले, चारित्र्य पडताळणी आली. ती हवीच. पण 2016 साली खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली, तेव्हा कॅमेरा होताच. त्याने मारहाण टिपली, थांबवली नाही. थांबवू शकली असती ती शेजारी उभी असलेली दुसरी बाई. पण दुसरी बाई ठेवायची तर दुसरा पगार द्यावा लागतो.

आणि येथेच आमचा धंदा आड येतो. पाळणाघरातली आया बहुतेक ठिकाणी कंत्राटी. तिला अकरा महिन्यांचा कागद, तुटपुंजा पगार, आणि पंधरा-वीस मुले. तिने काही पाहिले आणि पोलिसांना कळवले, तर कायदा तिला एक संरक्षण देतो: सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. पण तिची नोकरी राहील असे 19 व्या कलमात लिहिलेले नाही. अकरावा महिना संपला की ठेकेदार म्हणतो, उद्यापासून येऊ नका. मागे एका सभेत एका आयेनेच आम्हांला विचारले, "साहेब, मी 1098 ला फोन करीन हो, पण दुसऱ्या दिवशी माझ्या पोरांच्या भाकरीचं काय?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

म्हणून मागणीपत्रात आम्ही दोन ओळी घातल्या आहेत. पाळणाघरात कोणत्याही वेळी दोन शिकलेल्या बाया हजर असाव्यात, आणि त्या कारखान्याच्या पटावरच्या असाव्यात. तसेच मुलाविषयी पोलिसांत कळवणाऱ्या कामगाराला प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत कामावरून काढू नये. पहिली ओळ एका ठिकाणी मान्य झाली. दुसरीवर व्यवस्थापन म्हणाले, हिचा पगाराशी संबंध काय? आमच्या कमिटीतल्याही दोघा जुन्या सभासदांनी तोच प्रश्न केला. त्यांना आम्ही 2004 सालची त्या बाईच्या पावतीची दुय्यम प्रत दाखवली. पावतीपुस्तक अजून कचेरीत आहे. बोलणी पुन्हा जूनमध्ये आहेत.