युनिटचा भाव कोण ठरवतं?

(पाबळ, ता. शिरूर येथे बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संक्षेप)



मागच्या बैठकीत तुमच्यातल्या एकीने विचारलं, "ताई, एजंट म्हणतो दहा रुपयांचं युनिट स्वस्त, शंभराचं महाग. खरं का?" मीही एकेकाळी हेच ऐकून म्युच्युअल फंडाच्या फॉर्मवर सही केली होती. भाव कसा निघतो हे विचारायची लाज वाटली. म्हणून आज तेवढ्याच प्रश्नावर बोलते.

समजा, आपण दहाजणींनी शंभर शंभर रुपये काढले. हजार रुपये झाले. दहा रुपयांचं एक, अशी 100 युनिटं वाटून घेतली. त्या पैशांचा कांदा घेऊन बराखीत ठेवला. आज तो बाजारात 1250 रुपयांना जाईल. हमालीचे 50 देणं आहे. ते वजा करून उरले 1200. भागिले 100. एका युनिटची किंमत 12 रुपये. म्युच्युअल फंडात कांद्याच्या जागी शेअर आणि रोखे असतात, हमालीच्या जागी फंड चालवायचा खर्च. हिशेब हाच. याला निव्वळ मालमत्ता मूल्य, म्हणजे एनएव्ही म्हणतात. आज ते कामकाजाच्या दर दिवशी जाहीर करावं लागतं.

कांदा दहा टक्के वाढला, तर युनिट दहाचं असो की शंभराचं, वाढ दहाच टक्के. तेव्हा स्वस्त-महाग हे खोटं.

आता उलटं बघा. कांदा पडला, युनिट 8 रुपयांवर आलं, आणि गट सोडणाऱ्या एकीला आपण 12 च्या भावाने पैसे दिले. वरचे चार रुपये कुणाचे गेले? मागे राहिलेल्यांचे.

देशात हे घडलेलं आहे. युनिट ट्रस्टची 'यूएस-64' योजना 1964 साली सुरू झाली. सरकारी नाव, दरवर्षी लाभांश. मध्यमवर्गीय घरांनी विश्वासाने पुंजी ठेवली. पण तिचा भाव मालमत्तेवरून निघत नसे, ट्रस्ट ठरवत असे. 1998 मध्ये तिचा राखीव निधी उणे झाल्याचं उघड झालं. तरी मे 2001 मध्ये युनिट परत घेण्याचा भाव 14 रुपयांच्या वर होता. एप्रिल-मेमध्ये मोठ्या कंपन्यांनी पैसे काढून घेतले. जुलैत व्यवहार सहा महिन्यांसाठी बंद झाले. डिसेंबरअखेर खरी किंमत कळली: 5 रुपये 81 पैसे. लहान गुंतवणूकदारांना ऑगस्टपासून 3000 युनिटांपर्यंत 10 रुपयांनी पैसे काढायची सोय मिळाली. पुढे तोटा सरकारी तिजोरीने उचलला, म्हणजे तुम्ही-आम्ही.

हिशेब वाचणारी माणसं ज्यांच्या पदरी होती ते आधी बाहेर पडले. बाकीचे दारात उभे राहिले.

एनएव्ही रोज कळते म्हणून पैसा सुरक्षित झाला असं नाही. किंमत खालीही जाते. पण ती आपल्याला दिसते. म्हणून सही करण्याआधी विचारा: एनएव्ही किती, कोणत्या तारखेची? वर्षाला खर्च किती टक्के? लवकर काढले तर किती कापणार? आणि युनिटं कुणाच्या नावावर? पैसे तुमचे आणि नाव फक्त नवऱ्याचं, असं होऊ देऊ नका.

गटाच्या वहीत एक रुपया जुळला नाही तर आपण कुणाला घरी जाऊ देत नाही. एजंटलाही तसंच बसवून ठेवा.