आजार होण्याआधीची गोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरसाल या दिवशी आपण पाककृती, भरतकाम, बाळाचे संगोपन असे विषय घेतो. यंदा चिटणीसबाईंनी मला आरोग्यावर बोलायला सांगितले आणि आजार कोणता घ्यावा हे माझ्यावर सोपवले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, डॉक्टरकी मला येत नाही. पण माहेरच्या नात्यातील एका मुलीबरोबर सरकारी दवाखान्यात पुष्कळ खेपा घातल्या, तेथील समुपदेशक बाईंना शंभर प्रश्न विचारले, आणि कळले ते जमेल तसे सांगते. विषय एच.आय.व्ही.चा आहे. मागे बसलेल्या मुलींना उठवू नका, त्यांनीही ऐकावे.

त्या मुलीच्या लग्नाला वर्ष होते न होते तोच नवऱ्याच्या रक्तात ही लागण निघाली. तिचे रक्त निर्दोष. घरच्यांनी दोनच वाटा दाखवल्या: कायमची माहेरी ये, नाही तर नशीब म्हणून नांद. तिला नवरा सोडायचा नव्हता आणि आजारही नको होता. यात हट्ट तो काय? दवाखान्यात तिसरी वाट कळली. नवऱ्याने रोज औषध घ्यायचे. ते सरकारी केंद्रात २००४ सालापासून फुकट मिळते. नेमाने घेतले तर साधारण सहा महिन्यांत रक्तातील विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही, आणि मग बायकोला लागण होत नाही. मधल्या सहा महिन्यांचे काय? तेवढ्यासाठी हिने, धडधाकट बाईने, रोज एक गोळी घ्यायची.

“न झालेल्या आजाराचे औषध?” असे सासूबाई म्हणाल्याच. अहो, पोलिओचे डोस आपण धडधाकट लेकरांनाच पाजतो की! या गोळीत दोन औषधे असतात, टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन. विषाणू शरीरात शिरला तरी त्याला आपली वाढ करता येऊ नये, हे त्यांचे काम. दुधात विरजण पडले, पण लागलेच नाही, असे समजा. केनिया आणि युगांडा या देशांत साडेचार हजारांहून अधिक अशा जोडप्यांवर, म्हणजे एकाला लागण व दुसरा निर्दोष, ही गोळी पाहिली गेली. २०११ साली निकाल लागला: न घेणाऱ्यांपेक्षा घेणाऱ्यांत लागण तीन चतुर्थांशांनी कमी. २०१२ मध्ये अमेरिकेने तिला मान्यता दिली, आणि ज्यांना धोका मोठा त्या सर्वांना ती द्यावी असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले.

धोका मोठा कोणाला? येथे आपण नाक मुरडतो. भारतात हा विषाणू १९८६ साली मद्रासला प्रथम सापडला तो देहविक्रय करून पोट भरणाऱ्या बहिणींच्या रक्तात. तेव्हापासून सारा दोष त्यांच्या माथी. त्यांना तो कोणी दिला, हे कोणी विचारीत नाही.

कंबोडियात अशाच बायकांवर या औषधाचा प्रयोग व्हायचा होता. त्या म्हणाल्या, प्रयोगात आम्हांला काही इजा झाली तर पुढे आमच्या औषधपाण्याचे कोण बघणार? समाधान झाले नाही, त्या अडून बसल्या, आणि २००४ मध्ये तेथील सरकारने प्रयोग बंद केला. मला विचाराल तर त्यांचे बरोबर होते. पुढे आफ्रिकेत दोन हजारांवर स्त्रियांना गोळ्या दिल्या. उरलेल्या गोळ्या मोजल्या तर हिशेब चोख! रक्त तपासले तर निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात औषधच नाही. बाटली दिसली की शेजारीण म्हणणार, हिला तो आजार आहे. शिवाय मला कशाचा धोका, असेही पुष्कळजणींना वाटे. २०११ मध्ये तोही प्रयोग आटोपता घेतला.

मग आपल्याकडे कलकत्त्याच्या सोनागाचीत आणि म्हैसूरला निराळे घडले. तेथे या व्यवसायातील बायकांच्याच संस्था आहेत, सोनागाचीची दुर्बार आणि म्हैसूरची अशोदया. त्यांनी आधी सभा घेऊन विचारविनिमय केला. गोळ्या घ्यायच्या त्यांतल्याच बायकांनी, आणि आज घेतलीस का, मळमळते का, असे विचारायला येणारीही त्यांतलीच. दोन्हीकडे मिळून हजारावर बायका होत्या आणि कोणालाही लागण झाली नाही. औषध तेच होते. फरक देणाऱ्या हातांचा, असे मला वाटते.

आता एक आक्षेप. अशा गोळ्या वाटल्या तर लोक मोकाट सुटतील, असे आपल्या मंडळातही कोणी म्हणाले. नाव घेत नाही. छत्री जवळ आहे म्हणून कोणी मुद्दाम पावसात उभे राहते का? आणि सुटेल कोणी, तरी त्याची घरची बायको मरावी असे तर आपण म्हणत नाही ना?

मात्र गोळी म्हणजे जादू नव्हे. सुरू करण्यापूर्वी रक्त तपासावे लागते, कारण लागण आधीच असेल तर एवढे औषध पुरत नाही. मूत्रपिंड आणि काविळीचा ब प्रकार हेही पाहतात. पहिल्याच दिवशी संरक्षण मिळत नाही, काही दिवस नेमाने घ्यावी लागते. दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. गरमी, परमा यांना ती रोखत नाही, गर्भही रोखत नाही; म्हणून निरोध सुटत नाही. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी होते. आमच्या मुलीला आठवडाभर चहाही नकोसा झाला होता. नवऱ्याचे औषध फुकट, पण हिची गोळी आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दुकानातून विकत आणली, आणि दर महिन्याला सासूबाई पावती पाहत.

आता सहा महिन्यांतून एकदा टोचायचे इंजेक्शनही निघाले आहे, लेनाकापाविर नावाचे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात दोन हजारांवर तरुण मुलींना ते दिले, एकीलाही लागण झाली नाही, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. बाटली लपवायला नको, पावती दाखवायला नको. अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला अठ्ठावीस हजार डॉलरच्या घरात! हैदराबादच्या दोन कंपन्या गरीब देशांसाठी २०२७ पासून ते चाळीस डॉलरला देणार, असे २०२५ मध्ये जाहीर झाले आहे. वाट पाहू.

शेवटी एक निकडीची गोष्ट, वेळ थोडा आहे तरी सांगते. कोणावर बळजबरी झाली, किंवा दवाखान्यात काम करणारीला वापरलेली सुई टोचली, तर त्यासाठी निराळे औषध आहे. ते बहात्तर तासांच्या आत सुरू करून अठ्ठावीस दिवस घ्यायचे असते. जितके लवकर तितके चांगले. चौकशीसाठी १०९७ हा फोन विनामूल्य आहे. शनिवारी रात्री घडले तर सोमवारची वाट पाहत बसू नये, त्याच रात्री सरकारी इस्पितळ गाठावे.