गोमंतकी घरांतलें शिवराक रांधप



गोमंतक म्हटलें कीं बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढें मासळीचें ताट उभें राहतें. त्याला दोष देतां येत नाहीं. समुद्र, खाड्या आणि नद्या यांनीं वेढलेल्या त्या भूमींत मासळीवांचून जेवण अळणी मानणारीं घरें पुष्कळ आहेत. परंतु त्याच घरांत सोमवार येतो, एकादशी येते, श्रावण येतो, चतुर्थी येते. आणि त्या दिवशीं चुलीवर जें शिजतें त्याला कोंकणी भाषेंत 'शिवराक' असा स्वतंत्र शब्द आहे. बाहेरचा पाहुणा, आणि अलीकडे घरांतलीं मुलेंहि, या शब्दाचा अर्थ 'आज मासळी नाहीं' एवढाच घेतात. जणूं शिवराक म्हणजे एक वजाबाकी! ही समजूत खरी नाहीं. आणि ती पसरत चालल्यामुळें एक फार जुनी विद्या हातची जाऊं लागली आहे.

वजाबाकी असती तर शिवराक ताट मासळीच्या ताटाहून लहान झालें असतें. प्रत्यक्षांत तें मोठें होतें. रोजच्या दिवशीं भात, माशांचें हुमण आणि एखादा तळलेला तुकडा एवढ्यावर जेवण भागतें, कारण मासा आपली चव आपल्याबरोबर घेऊन येतो. दुधी भोपळा ती आणीत नाहीं. त्याला चव द्यावी लागते. म्हणून शिवराक दिवशीं घरधनिणीचें काम दुपटीनें वाढतें: खतखतें किंवा उडदमेथी, सोललेल्या मुगाच्या गांठी, वालीच्या शेंगांची भाजी, नीरफणसाचे काप, कोशिंबीर आणि शेवटीं सोलकढी. त्यांतहि दोन पायऱ्या आहेत. साध्या शिवराक दिवशीं कांदा चालतो आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपांतलें अळसांद्यांचें तोंडाक पावाबरोबर मोठ्या आवडीनें खाल्लें जातें. पण सोंवळ्याच्या दिवशीं कांदा-लसूण स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडीत नाहीं. कांद्यालसणाचा आधार काढून घेतल्यावर रांधणारीच्या हाताची खरी परीक्षा लागते.

या पाकविद्येचा कणा कोणता असें विचारलें तर बहुतेक लोक नारळ असें उत्तर देतील. नारळ आहेच, परंतु तो अक्षरांतल्या अकारासारखा सर्वत्र आहे, आणि सर्वत्र असल्यामुळेंच एका पदार्थाला दुसऱ्यापासून वेगळें करण्याचें काम त्याच्याकडून पुरतें होत नाहीं. ओळख पटते ती आंबटावरून. मराठी मुलखांत इतरत्र आंबट म्हणजे चिंच, ताक किंवा लिंबू. गोमंतकी परसांत मात्र आंबटाचें एक वेगळें पंचांगच चालतें. चैत्र-वैशाखांत कैरी, त्यानंतर घोंटें म्हणजे लहान रायवळ आंबे, पावसाळ्यांत आंबाडे, दाराशीं झाड असेल तर बिंबलें, करमलांच्या दिवसांत करमलें. यांपैकीं कांहींच हाताशीं नसेल तेव्हां उपयोगी पडावीं म्हणून सोलें. ऐन उन्हाळ्यांत भिरंडें पिकतात. त्यांच्या साली काढून, त्यांना पुनःपुन्हां त्याच फळांचा रस पाजून उन्हांत वाळवितात, तीं सोलें. घाटावर त्यांनाच आमसुलें म्हणतात. मीठ घालून टिकविलेला रस तें आगळ. बियांचेंहि तेल निघतें. तें थंडींत थिजून पांढरें होतें आणि फुटलेल्या टांचांना लावतात. एका फळाचा इतका हिशेबी उपयोग करणारीं माणसें चवीच्या बाबतींत बेहिशेबी असतील असें कोण म्हणेल?

कोणत्या भाजीला कोणतें आंबट, हें ठरलेलें असतें. आणि तें ठरविण्यामागें केवळ लहर नाहीं. अळवाचें उदाहरण घ्यावें. अळवाच्या पानांत व देंठांत कॅल्शियम ऑक्झॅलेट या क्षाराचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. ते घशाला टोंचतात आणि खाज सुटते. आंबटाबरोबर चांगलें शिजविलें म्हणजे ती खाज बहुतांशी जाते. श्रावणांत अळू माजतें आणि त्याच सुमारास आंबाडे लागतात. गोमंतकांतल्या स्त्रिया कोंवळ्या पानांच्या गुंडाळ्या करून त्यांना गांठी मारतात, ठेंचलेले आंबाडे त्यांच्याबरोबर शिजवितात आणि मग नारळाचें वाटप घालतात. आंबाड्याची बाठ चोखण्यासाठीं मुलांत भांडणें होतात तीं वेगळींच. 'तेरें' नांवाचें रानटी अळू याहून खाजरें. त्याला आंबट अधिक लागतें आणि धीरहि अधिक लागतो. त्यांत फणसाच्या आठळ्या घालतात. मे महिन्यांत मातींत घोळवून ठेवलेल्या आठळ्या पावसाळ्यांत अशा कामीं येतात. स्फटिकाचें नांव त्या आजीबाईंना ठाऊक नव्हतें. पण कोणतें पान कोणत्या फळाशिवाय चुलीवर चढवूं नये हें मात्र पक्कें ठाऊक होतें.

आंबट केव्हां घालावें हाहि एक धडाच आहे. आंबटानें डाळ व कंदभाज्या लौकर शिजत नाहींत. म्हणून खतखत्यांत सोलें पडतात तीं तूरडाळ आणि कंद मऊ झाल्यावर, चूल उतरवण्याच्या बेतांत. अळवाच्या कोंवळ्या पानांना ही भीति नाहीं. तेथें आंबाडा पहिल्यापासून बरोबर असतो. सोलकढीला तर विस्तवच नको. नारळाच्या दाट रसांत आगळ मिसळून ती कढत केली तर रस फाटतो आणि तोंडाशीं धरवत नाहीं. शिवाय आंबट पदार्थ बिनकल्हईच्या तांब्यापितळेच्या भांड्यांत कळकतो. त्यासाठीं मातीचें बुडकुलें. आज बुडकुल्याची जागा स्टीलनें घेतली आहे. त्यांत पदार्थ बिघडत नाहीं, आणि उगाच हळहळण्याचें कारण नाहीं.

आंबटाच्या जोडीला तेफळ. हें झाड सह्याद्रीच्या उतरणीवर आणि कोंकणांत होतें. त्याच्या खोडाला जाड कांटे असतात आणि फळांचे घोस वरच्या फांद्यांवर, त्यामुळें काढणाराचे हातपाय सोलून निघतात. चिनी लोक ज्या झोंबऱ्या मिऱ्यांनीं जिभेला मुंग्या आणतात त्याच कुळांतलें हें फळ. उपयोग होतो तो टरफलाचा. आंतली काळीभोर चकचकीत बी दांताखालीं कचकच करते आणि तिला वास नाहीं. ती काढून टाकावी लागते. तेफळ मिरचीसारखें बारीक वाटीत नाहींत. चार-पांच माणसांच्या खतखत्याला आठ-दहा तेफळें पाण्यांत किंचित् ठेंचून तें पाणी टरफलांसकट शेवटीं ओततात आणि झांकण घट्ट लावतात. जेवतांना टरफल ताटाच्या कडेला ठेवावयाचें. नवखा पाहुणा तें चावतो आणि क्षणभर बोलेनासा होतो.

आतां खतखतें. ज्यांत निदान पांच भाज्या आहेत तें खतखतें. चतुर्थीच्या नैवेद्याला कांहीं घरांत एकवीस मोजून घालतात. सुरण, कणगें, रताळें, माडी, मुळा, शेवग्याच्या शेंगा, कच्चें केळें, नीरफणस, भोपळा, कणसाचे तुकडे. जें परसांत असेल तें. प्रत्येकाला शिजावयास लागणारा वेळ वेगळा, म्हणून कोण आधीं व कोण मागाहून हा क्रम हातांत बसावा लागतो. तो चुकला कीं भोपळ्याचा लगदा होतो आणि सुरण कच्चाच राहतो. ओल्या खोबऱ्याचें वाटप, हळद, थोडा माडाचा गूळ, सोलें आणि तेफळें. फोडणी बहुधा नसतेच. तेलाचा वास नसल्यामुळें प्रत्येक कंदाची चव वेगळी कळते. 'गोमंतकाचें सांबार' असें त्याचें वर्णन कांहीं लोक करितात. पण सांबाराची मदार भाजून कुटलेल्या मसाल्यावर असते, आणि येथें भाजलेला मसाला पडला कीं खतखतें संपलें. उडदमेथीची गोष्ट याच्या उलट. तिच्यांत उडदाची डाळ आणि मेथी तेलाच्या थेंबावर तांबूस भाजून खोबऱ्याबरोबर वाटतात. कैरीचें किंवा आंबाड्याचें आंबट, आणि मेथीच्या कडवटपणाला तोंड देण्यापुरता गूळ. कडू, आंबट आणि गोड यांचा असा समेट दुसऱ्या कोठें क्वचितच पाहावयास मिळतो. आणि 'सासव' या पदार्थाला तर नांवच मोहरीवरून मिळालें आहे: पिकलेलीं घोंटें, खोबरें, गूळ, आणि वाटपांत न भाजलेली मोहरी. नाकांत झणका गेला पाहिजे, नाहींतर तें सासव नव्हे.

येथें एक ऐतिहासिक गंमत सांगण्याजोगी आहे. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें, आणि त्यांच्या गलबतांतून अमेरिकेंतलीं फळें, भाज्या व मिरची या किनाऱ्यावर उतरली. बटाटा, काजू आणि अननस हे शब्दच पोर्तुगीजांकडून आलेले आहेत. मिरची आली तेव्हां कोंकणीनें तिला 'मिरसांग' म्हणजे मिऱ्याची शेंग असें नांव देऊन घरांत घेतलें. काजूगर तर आज सणाच्या ताटांत मानानें बसतो. मात्र धर्मकृत्याच्या स्वयंपाकांत बटाटा, टोमॅटो वगैरे परदेशीं भाज्या न घालण्याची चाल कांहीं घरांत टिकून आहे, आणि त्यामुळें कणगें, माडी, सुरण यांची लागवडहि टिकली. पुढें १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन सुरू झालें. त्या काळाच्या छळामुळें अनेक सारस्वत कुटुंबें कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेलीं. तेथें हिंगाच्या फोडणीची पातळ दाळीतोय त्यांच्या रोजच्या जेवणांत मुख्य ठरली. इकडे उत्तरेस कुडाळ-सावंतवाडीकडे सणासमारंभाला काळ्या वाटाण्याचें सांबारें आणि आंबोळ्या. भाषेचें वळण गांवागणिक बदलतें तसेंच हें.

पावसाळा हा या रांधपाचा खरा ऋतु. समुद्र खवळलेला असतो. यांत्रिक नौकांना हल्लीं १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस मासेमारीची बंदी असते. त्याच दिवसांत डोंगर हिरवे होतात. पहिल्या सरीबरोबर टाकळा उगवतो. त्याचीं कोंवळीं पानें खोबरें घालून परततात. बांबूचे कोंब चिरून, रात्रभर पाण्यांत ठेवून, तें पाणी फेंकून मग रांधतात; त्यावांचून त्यांचा कडवटपणा व उग्रपणा जात नाहीं. फागलां म्हणजे कंटोलीं, आणि गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी. गोडाधोडाविषयीं विस्तार करण्याची गरज नाहीं, तें सर्वांना माहीत आहे: हरभऱ्याची डाळ, साबुदाणा व नारळाचा रस यांचें मणगणें, आणि हळदीच्या पानांत उकडलेल्या पातोळ्या. या पातोळ्या हिंदूंच्या घरीं नागपंचमीला होतात आणि ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणाला. धर्म वेगळे झाले तरी हळदीचें पान एकच राहिलें.

मग ही विद्या हातची जाते ती कोठून? रगडा गेला आणि मिक्सर आला म्हणून ती गेली असें म्हणण्याची एक चाल पडली आहे. तें खरें नव्हे. रगड्यानें स्त्रियांचे तासन् तास आणि खांदे खाल्ले. तो कोपऱ्यांत गेला यांत दुःख मानण्यासारखें कांहीं नाहीं. खरी हानि अदलाबदलींत आहे. मुंबई-पुण्याच्या बाजारांत आंबाडे सहसा दिसत नाहींत, म्हणून अळवाला चिंच. कैरीचा हंगाम संपला म्हणून उडदमेथीला चिंच. सोलें आणावयाचीं राहिलीं म्हणून खतखत्यालाहि चिंच. तेफळाऐवजीं तयार मसाल्याची पुडी. तीन पदार्थ तीन नांवांनीं ताटांत येतात, पण चव एकच. मुलगा जेवतो आणि शिवराक जेवण कंटाळवाणें असतें असा निष्कर्ष काढतो. त्याचा निष्कर्ष चुकीचा नाहीं. त्याच्यापुढें ठेवलेला पुरावाच तसा होता. मग आई पुढच्या सोमवारीं एवढा खटाटोप कशाला म्हणून डाळभात लावते, आणि वजाबाकी खरी ठरते. खुद्द गोव्यांतहि परसाच्या जागीं इमारत उभी राहते तेव्हां माड तोडतांना मालक दोनदां विचार करितो. आंबाड्याच्या झाडासाठीं कोणी थांबत नाहीं, कारण त्या फळाला भाव नाहीं.

लिहून ठेवण्याचे प्रयत्न झाले आहेत. सारस्वत महिला समाजाचें 'रसचंद्रिका' हें मराठी पुस्तक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत निघालें आणि पुढें इंग्रजींतहि गेलें. अनेक सारस्वत मुलींच्या हातीं तें सासरीं जातांना आलें. परंतु पुस्तकांत 'आंबाडे ठेंचून घाला' एवढेंच येतें. किती पिकलेले, किती ठेंचलेले, तें सांगणारी शेजारीं उभी असावी लागते. आजहि अशा स्त्रिया गांवोगांवीं आहेत. त्यांना विचारणारें मात्र कोणी नाहीं. विचारलें तर त्या माप सांगत नाहींत, 'ये, बघ' म्हणतात. सुटींत गांवीं जाणाऱ्या मुलींनीं, आणि मुलांनींहि, मासळीच्या बाजारांत जशी एक सकाळ घालवावी तशी एक सकाळ त्यांच्या चुलीपाशीं घालवावी.

आणि शहरांत राहणाऱ्यांनाहि सर्वस्वी निरुपाय नाहीं. सोलें कोरड्या बरणींत वर्षभर राहतात. वाळलेलीं तेफळें घट्ट झांकणाच्या बाटलींत ठेवलीं तर पुढच्या हंगामापर्यंत वास धरून असतात; बी तेवढी आधींच निवडून टाकावी. आंबाड्याची जाड फांदी पावसाच्या तोंडावर मातींत खोंवली तरी मूळ धरते, म्हणूनच कुंपणाला ती लावीत असत. ज्याच्या इमारतीभोंवतीं चार हात मोकळी जागा आहे त्यानें ती मागून आणावी. अळवाला गॅलरींतली पसरट कुंडी आणि रोजचें पाणी पुरतें. हळदीचा एक कंद मृगापूर्वीं कुंडींत पुरला तर श्रावणांत पातोळ्यांपुरतीं पानें मिळतात, आणि पानें तोडलीं तरी नवीं येत राहतात.