किल्ली ज्याच्या हाती, जबाबदारी त्याची
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी गोड बोलावे असा रिवाज आहे. आज मी जरा जड विषय घेऊन उभी आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

आपल्या जिवतीच्या डोंगरावरील कित्येक गुड्यांतून लहानगी मुले शिकण्यासाठी आश्रमशाळेत जातात. घरी कोलामी किंवा गोंडी बोलणारी पोर तिथली मराठी ऐकून गप्प होते. पेटी ठेवून आई घाटाची वाट धरते. त्या घटकेपासून तिचे पालक कोण? वसतिगृहाची किल्ली ज्याच्या हाती, तोच. तुरुंग, पोलीस कोठडी, मनोरुग्णालय, सर्वत्र हाच न्याय.

अशा जागी कुणी जीव दिला, की ऐकू येते, ‘‘तिनेच केले, आम्ही काय करणार?’’ भगिनींनो, मोकळ्या माणसाला मन भरून आले तर शेजारणीकडे जाता येते. कोंडलेल्याला ती सोय नाही. त्याचे दुःख रखवालदारालाच दिसू शकते. त्यानेच पाहिले नाही, तर दोष कुणाचा?

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या सप्टेंबरात उच्च न्यायालयांना सांगितले, की २०१२ ते २०१५ या काळात तुरुंगात अनैसर्गिक मृत्यू आलेल्यांच्या वारसांना शोधा व योग्य भरपाई द्या. पुढे २०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्या राज्य सरकारने भरपाईचे धोरण ठरविले. कामावरील अपघात, वैद्यकीय हलगर्जी वा मारहाणीने कैदी गेला तर ५ लाख रुपये. आत्महत्या असेल तर १ लाख. पैशाने माणूस परत येत नाही, हे खरे. पण ही तफावत मला टोचते. कैदी खचला आहे हे ठाऊक असून लक्ष ठेवले नाही, तर तीही हलगर्जीच ना?

आता मुलांचे. विशाखापट्टणमला वसतिगृहात राहून शिकणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने सर्व शाळा, शिकवण्या आणि वसतिगृहांसाठी नियम घालून दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा. कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी बांधलेली सोय हवी. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा शिक्षण हवे. छळाच्या वा भेदभावाच्या तक्रारीकडे संस्थेने वेळीच लक्ष दिले नाही आणि त्यातून मुलाने जिवाचे बरेवाईट केले, तर तो संस्थेचा दोष मानला जाईल. ‘‘तिनेच केले’’ या उत्तराला आता आधार उरला नाही.

पण कागदावरचा नियम आपोआप डोंगर चढत नाही. तो चढवणे आपल्या हाती आहे. मुलीला भेटायला जाल तेव्हा निर्भयपणे विचारा: समुपदेशक कोण? पोरीची भाषा कळणारे कुणी आहे का? रात्री मुलींजवळ कोण असते? पोर सुटीवरून परत जायला रडली, तर नुसते दटावू नका. जवळ घेऊन कारण विचारा. कुणाचेही मन फार खचले असेल, तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. तो आज प्रत्येकीने लिहून घ्यावा.

आपण पोर सांभाळायला दिली आहे. हिशेब मागण्यात संकोच कसला?