एकाच बांधालगतची दोन शेते

(नागोठणे येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

श्रोतेहो, आंबा नदीच्या खाडीलगत राहणाऱ्या आपणांस बांध म्हणजे काय हे सांगावयास नको. त्याच्या अलीकडे गोड्या पाण्यावर भात पिकते, पलीकडे हातभर अंतरावर भरतीच्या पाण्यात तिवरे वाढतात. शेजार एक, पीक निराळे. गुणसूत्रांवरील जनुकांचा मामलाही पुष्कळदा असाच असतो, आणि त्याचे मला ठाऊक असलेले सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच मुलखातील आहे.

१९५२ साली मुंबईच्या डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांनी इंग्लंडमधील सहकाऱ्यांसह 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगुणाची वार्ता प्रसिद्ध केली. जगभर त्यास आज 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. अशा रक्ताच्या थेंबात ए-विरोधी वा बी-विरोधी रस मिसळला तर थेंब कुंकवाच्या पाण्यासारखा एकजीव राहतो, म्हणून तपासणाऱ्यास तो ओ गट वाटतो. परंतु त्याच माणसाच्या रक्तरसात ओ गटाच्या पेशी सोडल्या, की त्या नासलेल्या दुधासारख्या कणाकणांनी गोळा होतात. ए आणि बी हे दोन्ही गुण ज्या पायावर उभे राहतात, तो 'एच' नावाचा पायाच या माणसांच्या लाल पेशींवर नसतो. ए घडविणारे जनुक नवव्या गुणसूत्रावर शाबूत असूनही त्याचा अंमल चालावयास जागा उरत नाही, आणि ओ म्हणून नोंदलेल्या बापाच्या पोटी ए गटाचे मूल जन्मते.

हा पाया घालणारी जनुके दोन, आणि दोन्ही एकोणिसाव्या गुणसूत्रावर डीएनएच्या सुमारे ३५ हजार अक्षरांच्या अंतराने शेजारी-शेजारी वसलेली आहेत. दोघांचे काम एकच, फ्यूकोज नावाची शर्करा जोडण्याचे. परंतु एकाचे वतन रक्तपेशींत, दुसऱ्याचे लाळग्रंथींत व आतड्याच्या अस्तरात. कोणत्या ऊतीत कोणी जागे व्हावे, याचा हुकूम प्रत्येकाच्या लगतचा नियामक भाग देतो; निव्वळ शेजारावरून तो ओळखता येत नाही.

मग स्थानास काहीच किंमत नाही काय? आहे, आणि मोठी आहे. अकराव्या गुणसूत्रावर हीमोग्लोबिनची जनुके ज्या क्रमाने मांडलेली आहेत, त्याच क्रमाने ती भ्रूणावस्थेत, गर्भावस्थेत व जन्मानंतर कामास येतात. बॉम्बे गटातही शेजाराने आपला ठसा उमटविला आहे: आपल्याकडील अशा माणसांत बहुधा पहिल्या जनुकातील ७२५ वे अक्षर बदललेले आणि शेजारचे दुसरे जनुक समूळ गळालेले आढळते, आणि हे दोन्ही दोष, जवळ असल्यामुळे, पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच वारशाने उतरतात, म्हणून त्यांच्या लाळेतही 'एच' नसतो. जेथे पहिलेच बिघडले व दुसरे टिकले, तेथे रक्तात नसलेला 'एच' लाळेत सापडतो.

मुंबईत ७,६०० माणसांत असा एक, असे भाटिया व साठे यांनी १९७४ मध्ये नोंदविले. त्यास ओ रक्तही घातक, बॉम्बे गटाचेच रक्त लागते. आईबाप दोघेही या दोषाचे वाहक असल्यास प्रत्येक भावंडात तोच गट असण्याचा संभव चारांत एक. तेव्हा ज्याच्या घरी अशी एक नोंद निघाली असेल, त्याने सख्ख्या भावंडांचे रक्त आणीबाणीची वेळ येण्यापूर्वीच तपासून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.