मखरातली कागदी अळंबी

मे महिना चालू आहे, आंबे-फणसांची गडबड आहे आणि आम्ही गटातल्या बायका गणपतीच्या आराशीचं बोलायला बसलो आहोत. कुणी हसेल. पण कागदाच्या लगद्याचं काम हे उन्हाचं काम आहे. श्रावणात लगदा भिजवला तर तो वाळत नाही, आंबतो, आणि कागदाच्या अळंबीवर खरीच बुरशी येते. म्हणून आत्ता सांगतोय.

महाराष्ट्रात 2018 पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे. त्याच्या जागी आता बाजारात प्लॅस्टिकची फुलं आणि चकचकीत पडदे आलेत. पैसे जातात ते जातात, वर दरवर्षी नवीन घ्यावं लागतं. घरात तर रद्दीचा ढीग पडलेला असतो. कागदाचा लगदा आपल्याला काही नवा नाही. आपल्या आज्या रद्दी भिजवायच्या, त्यात मेथ्या वाटून घालायच्या आणि पालथ्या भांड्यावर थापून टोपल्या करायच्या. सुपाची भोकं बुजवायलाही तोच लगदा. काश्मीरमध्ये याच लगद्याच्या पेट्या नि फुलदाण्या होतात. तिथे आकार घडवण्याच्या कामाला सख्तसाजी म्हणतात आणि रंगकामाला नक्काशी. दोन्हींचे कारागीर वेगळे. आपल्याकडे दोन्ही कामं एकाच बाईनं करायची, स्वयंपाक उरकून.

आराशीत रान दाखवायचं, त्यात अळंबी ठेवायची, असं ठरलं तेव्हा वडीलधाऱ्या बायकांनी नाकं मुरडली. देवापुढे कुत्र्याच्या छत्र्या? त्यावर आमच्यातल्याच एका आजींनी उत्तर दिलं. माटवीला आपण कवंडळ बांधतो, ते कोण खातं? पावसानं जे रानात दिलं ते देवापुढे येतं. मग कुणी काही बोललं नाही.

आता कृती. वर्तमानपत्राचा साधा कागद घ्या, गुळगुळीत मासिकाचा नको, तो नीट भिजत नाही. कात्रीनं कापू नका, हातानं फाडा, म्हणजे तंतू सुटतात. एक दिवस-रात्र पाण्यात ठेवा, मग जुन्या पातेल्यात अर्धा तास उकळा. गार झाल्यावर पाट्यावर वाटा किंवा भरपूर पाणी घालून मिक्सरमधून थोडा थोडा फिरवा. फडक्यात घट्ट पिळा. दोन वाट्या लगद्याला अर्धी वाटी मैद्याची शिजवलेली खळ, दोन चमचे रात्रभर भिजवून वाटलेल्या मेथ्या आणि तीन-चार चमचे खडूची पूड घालून कणकेसारखं मळा. चिंचोक्याची खळ मिळाली तर उत्तमच. सावंतवाडीचे गंजिफा करणारे कारागीर पानांना चिंचोक्याच्या खळीचाच थर देतात. खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे. पण मोरचूद विष आहे आणि या कामात पोरं हात घालणारच, तेव्हा ते आमच्याकडे बंद. चमचाभर मीठ आणि कडक ऊन पुरतं.

छत्रीसाठी वाटी पालथी घाला, तिला तेलाचा हात लावा आणि वर लगदा थापा. थर अर्ध्या बोटापेक्षा जाड नको. जाड हवा असेल तर पहिला वाळल्यावर दुसरा द्या. देठासाठी कागदाची घट्ट सुरळी करून दोऱ्यानं बांधा, बुडाशी एक खडा गुंडाळा म्हणजे अळंबी उभी राहील, आणि वरून लगदा लिंपा. छत्री अर्धी वाळली की वाटीवरून सोडवा, आतल्या बाजूला काडेपेटीच्या काडीनं मधून कडेकडे रेघा ओढा. या रेघांनीच ती अळंबी दिसते, नाहीतर नुसती टोपी. देठ आणि छत्री दोन्ही पुरती वाळल्यावरच खळ आणि कागदाच्या पट्ट्यांनी जोडा.

वाळवण्यात घाई करू नका. पहिला दिवस सावलीत, नाहीतर तडे जातात. मग तीन-चार दिवस उन्हात, उलटसुलट करत. वाळली की नाही ते गालाला लावून बघा. गार लागली तर आत ओल आहे. बोटानं वाजवली आणि टकटक आवाज आला की झाली.

रंगाआधी खडू आणि डिंकाचा एक हात द्या. पोरं म्हणतील, लाल रंग आणि वर पांढरे ठिपके. गोष्टींच्या पुस्तकातली ती अळंबी थंड मुलखातली, बर्च आणि पाइनच्या झाडांखालची, आणि विषारी. एखादी करा पोरांच्या हौसेखातर. पण आपल्या वारुळावर पहिल्या पावसात येते ती बघा. राखाडी-तपकिरी छत्री, मधे टोक, कडेला पांढरी, लांब देठ जमिनीत खोल गेलेला. ती मखराशेजारी मातीत खोचली की आलेली बाई थबकून विचारते, खरी का हो? आम्हाला त्या प्रश्नाची फार मजा वाटते.

पोरं रंगवत बसलेली असतात तेव्हाच त्यांना एक सांगून टाका. रानातली कुठलीही अळंबी जाणत्या माणसानं ओळखल्याशिवाय तोंडात घालायची नाही. फक्त भडक रंगाची विषारी असते हे खोटं आहे, पांढरीशुभ्रही जीव घेऊ शकते. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, हेही खोटं. शिजवून विष जातं असंही धरून चालू नका.

आणखी एक. ही अळंबी विसर्जनाला न्यायची नाही. कागदच तो, पाण्यात विरघळेल, असं वाटतं. पण विरघळलेला लगदा पाण्यातला प्राणवायू खातो, शाई आणि रंग वर. राष्ट्रीय हरित लवादानं 2016 मध्ये कागदी लगद्याच्या मूर्तींना उत्तेजन देणाऱ्या सरकारी निर्णयाला स्थगिती दिली, ती याच कारणानं. गणपती गेले की अळंबी कोरड्या फडक्यानं पुसा, कागदात गुंडाळून डब्यात भरा, डब्यात वेखंडाचा तुकडा टाका आणि माळ्यावर ठेवा. चुलीच्या बाजूचा माळा असेल तर अधिक चांगलं, तिथे ओल धरत नाही. पुढच्या मे महिन्यात डबा खाली काढून एकदा ऊन दाखवा, आणि ज्यांचे देठ हलत असतील त्यांना नवी पट्टी लावा.