मुलाखत आकाशवाणीची, प्रश्न गावाचा
(सूस, तालुका मुळशी, जिल्हा पुणे : भाषणाचा मजकूर)



आकाशवाणीवरील मुलाखत म्हटली की एखादे मंत्रिमहोदय, नामवंत गायक किंवा साहित्यिक आणि त्यांना बोलते करणारा निवेदक डोळ्यांपुढे उभा राहतो. श्रोत्याने केवळ ऐकावे, अशीच समजूत असते. परंतु श्रोत्यानेच प्रश्न विचारावा, या विचाराची मोठी कसोटी पुण्यातच पाहिली गेली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

२ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने या केंद्राने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग हाती घेतला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम प्रसारित झाले. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि निमंत्रक त्यांच्या शंका केंद्राकडे लिहून पाठवी. पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे मिळत. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे या उपक्रमाचे सूत्र होते. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी त्याची पाहणी केली. केवळ रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांत माहितीची वाढ पुष्कळच अधिक झाल्याचे तीत आढळले. १९५९ पासून ही योजना देशभर राबविण्यात आली.

यातील मर्म साधे आहे. यंत्र दोन्हीकडे सारखेच होते. फरक घडविला तो चर्चेने आणि प्रश्नाने. उत्तर गावाच्या बोलीत मिळणे हेही तितकेच महत्त्वाचे. कथाकार व्यंकटेश माडगूळकर यांनी पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात दीर्घकाळ काम केले, याचे मोल म्हणूनच मोठे आहे.

आज या विचाराची निकड सूसला विशेष आहे. २०२१ मध्ये हे गाव पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. पाण्याचा, रस्त्याचा जो प्रश्न ग्रामसभेत सरपंचांना समोरासमोर विचारता येई, त्याला आता महापालिकेच्या कचेरीची वाट धरावी लागते. गाव शहरात गेले, म्हणून गावाचा आवाज हरपता कामा नये.

साधने उपलब्ध आहेत. २००६ च्या धोरणानुसार स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ केंद्र चालविता येते. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आणि म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ही त्याची परिचित उदाहरणे होत. या केंद्रांना राजकीय प्रचाराची मुभा नाही. मात्र आरोग्य, शिक्षण, शेती, लोककला आणि नागरी सोयी यांविषयी अधिकाऱ्यांना बोलते करण्यास कोणताही प्रत्यवाय नाही.

शिक्षकांनी मुलांकरवी वडीलधाऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. आसपासच्या पंचायत सदस्यांनी ग्रामस्थांचे प्रश्न लिहून घ्यावेत. अधिकाऱ्यांनी नेमके आणि मुदतीसह उत्तर द्यावे. जे शक्य नाही, तेही स्पष्टपणे सांगावे. दिलेल्या मुदतीनंतर तोच प्रश्न त्याच अधिकाऱ्यांना पुन्हा विचारला गेला, तरच मुलाखतीचे सार्थक झाले असे म्हणता येईल.